फ्रीजचा नॉब नेमका कितीवर ठेवायचा? (वर दगड, खाली कोमट)

बिनसाखर
मंडळी, डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीज आहे, नॉबवाला, डिस्प्ले वगैरे काही भानगड नाही. खालच्या भागात १ ते ७ आकडे असलेला गोल नॉब आणि वर फ्रीजरच्या मागच्या भिंतीवर एक सरकपट्टी, तिच्यावर मिन-मिड-मॅक्स. सध्या खालचा ४ वर आणि वरची पट्टी मॅक्सवर आहे. फ्रीजरमध्ये सगळं दगड, आईस्क्रीम काढताना चमचा वाकतो अक्षरशः, पण खाली ठेवलेलं दूध लवकर नासतं आणि पालेभाजी मान टाकते. शेवटी थर्मामीटर आणून मधल्या कप्प्यात ठेवला तर ९ दाखवतोय, वर फ्रीजरमध्ये उणे २४. आता घरात दोन पक्ष पडलेत, एक म्हणतो सरळ ७ वर कर, दुसरा म्हणतो लाईट बिल कोण भरणार. मॅन्युअलमध्ये एकच वाक्य, 'सर्वसाधारण वापरासाठी मध्यम ठेवावे', म्हणजे कंपनीनेही हात वर केलेत. तर हे आकडे म्हणजे नक्की काय, आणि दोन्ही नॉबचा एकमेकांशी काही संबंध असतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रात्रपाळी
वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हीच रड आहे.

उंटावरचा शहाणा
यात विचारण्यासारखं काय आहे? दोन्ही फुल्ल करा आणि विसरून जा. फ्रीज थंड करायलाच घेतलाय ना, मग काटकसर कशाला. आमचा कायम ७ वर असतो, काहीही झालेलं नाही.

गप्पिष्ट
एक बेसिक शंका, हसू नका. ७ म्हणजे ७ डिग्री ना? मग १ वर केलं की जास्त गार व्हायला हवं. मी तर थंडी कमी वाटली की आकडा कमी करतो.

चौकस बाई
@गप्पिष्ट, हसत नाही, हा गोंधळ बऱ्याच जणांचा असतो. नॉबवरचे आकडे डिग्री नाहीत, ते नुसते पायऱ्या आहेत. आकडा मोठा म्हणजे जास्त गार, जवळजवळ सगळ्याच नॉबवाल्या फ्रीजमध्ये. डिग्री फक्त डिस्प्लेवाल्या फ्रीजमध्ये दिसतात आणि तिथे अर्थातच आकडा कमी म्हणजे जास्त गार. त्यामुळे नॉबवाला फ्रीज सोडून डिस्प्लेवाला घेतला की लोक काही दिवस उलटंसुलटं करत बसतात.

बिनसाखर, आधी कुठे पोचायचंय ते ठरवा. खालचा भाग ४ च्या आत हवा, फ्रीजर उणे १८. अमेरिकेची एफडीए ४० फॅरनहाइट सांगते म्हणजे ४.४, ब्रिटनची फूड स्टँडर्ड्स एजन्सी ५ किंवा त्याखाली म्हणते. उणे १८ हा विचित्र आकडा कुठून आला तर तो फॅरनहाइटमध्ये जवळजवळ शून्य आहे. ३ ते ४ च्या मध्ये ठेवलं की कुणाशीच भांडण नाही. आणि २ च्या खाली नेऊ नका, कारण फ्रीजमध्ये सगळीकडे सारखी थंडी नसते, मध्ये २ असेल तर मागच्या भिंतीजवळ शून्याखाली जातं आणि काकडी, कोथिंबीर, अंडी गोठायला लागतात. दूध तर साधारण उणे अर्ध्या डिग्रीलाच गोठायला सुरुवात होते.

तुमचं ९ मात्र खरंच जास्त आहे. दूध नासतं ते निदान वासावरून कळतं तरी. शिजवलेलं अन्न, मांस, मासे यात जे जंतू वाढतात त्यांचा वास येईलच असं नाही.

उंटावरचा शहाणा
म्हणजे मी म्हणतोय तेच, गार करा. ७.

कॉइलवाला
बिनसाखर, शहाण्यांचं ऐकू नका (शहाणेसाहेब, हलकेच घ्या). माझं कामच हे आहे, रोज लोकांचे फ्रीज उघडतो, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर एक, गार करणारी कॉइलही एकच, आणि ती कॉइल फ्रीजरच्या मागच्या पॅनेलच्या आत. खालच्या भागात थंडी तयारच होत नाही. वर एक छोटा पंखा असतो तो कॉइलवरची हवा ढकलतो, बरीचशी फ्रीजरमध्ये फिरते आणि थोडी एका डक्टमधून, म्हणजे हवेच्या बोगद्यातून, खाली येते. त्या डक्टच्या तोंडाशी एक झडप आहे. तुमची मिन-मिड-मॅक्सवाली पट्टी म्हणजे ती झडप. तिला वायर नाही, करंट नाही, काही नाही, नुसता प्लास्टिकचा पडदा सरकतो. मॅक्स केलं की खाली जाणारी वाट अरुंद होते आणि थंडी वरच अडकते.

खालचा १ ते ७ हा खरा थर्मोस्टॅट. त्याच्यामागे गॅस भरलेली एक बारीक नळी असते, ती खालच्या भागातली थंडी बघते. पुरेसं गार झालं की आतला गॅस आकसतो, टक् आवाज येतो आणि कॉम्प्रेसर बंद. आता या दोन्हीची जोडी लावा. पट्टी मॅक्सवर म्हणजे खाली हवा कमी, हवा कमी म्हणजे खाली गार व्हायला वेळ, तोवर थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला थांबू देत नाही, कॉम्प्रेसर चालतोय म्हणजे फ्रीजर अजून गार. असं करत वर उणे २४ आणि खाली ९. तुम्ही खालचा ७ वर नेला तर कॉम्प्रेसर थांबायचंच नाव घेणार नाही, फ्रीजर उणे २८ ला जाईल आणि खाली एखाद-दोन डिग्रीचा फरक पडला तर पडला.

म्हणून आधी वरची पट्टी मिडवर आणा. खालच्या नॉबला हातही लावू नका. एक अख्खा दिवस जाऊ द्या आणि मग मोजा.

बिनसाखर
अरे बापरे, म्हणजे फ्रीजर कमी केला की खालचं गार होणार? हे कुठेच लिहिलेलं नाही. पट्टी मिडवर केली. घरातल्या दुसऱ्या पक्षाला हे समजावताना दमछाक झाली, "खाली गार होत नाही म्हणून वरचं कमी करतोय" हे वाक्य ऐकून ज्या नजरेने बघितलं ते सांगण्यासारखं नाही.

पण एक विचारायचंय, ती पट्टी झडपच आहे हे कसं ओळखायचं? सगळ्या फ्रीजला असंच असतं का?

कॉइलवाला
नाही, उलटही असतं. काही मॉडेलमध्ये थर्मोस्टॅट फ्रीजरमध्ये असतो आणि झडपेचा नॉब खाली. तिथे खालचा नॉब गार बाजूला नेला की झडप जास्त उघडते. ओळखायचं असं की कॉम्प्रेसर चालू असताना एकेक नॉब हळूच अगदी कमीच्या टोकाला न्या. ज्याच्यावर टक् होऊन कॉम्प्रेसरचा आवाज बंद होतो तो थर्मोस्टॅट. दुसरा नुसता सरकतो किंवा फिरतो, त्याने आवाजात काही फरक पडत नाही. हे करून झालं की लगेच मागे-पुढे करत बसू नका, बंद झालेला कॉम्प्रेसर निदान पाच मिनिटं तरी बंदच राहू द्या, आतलं प्रेशर सारखं व्हायला वेळ लागतो. नाहीतर तो जोर लावतो, सुरू होत नाही आणि ओव्हरलोडवर जातो, म्हणजे जास्त भार आला म्हणून बंद पडतो.

अवांतर: ही झडप आहे हे ज्या दिवशी कंपन्या पट्टीवरच छापतील त्या दिवशी माझे निम्मे फोन बंद होतील, म्हणून मी काही तक्रार करत नाही.

ढगाळ
धाग्यात मध्येच घुसतोय, सॉरी. माझा डिस्प्लेवाला आहे. डिस्प्ले म्हणतो ३, आणि मी थर्मामीटर ठेवला तर ७. परत थोड्या वेळाने बघितलं तर २, मग ६. डिस्प्ले खोटं बोलतोय की थर्मामीटर भंगार आहे? दोन्हीवरचा विश्वास उडालाय.

चौकस बाई
@ढगाळ, थर्मामीटर कुठे ठेवला होता? दाराच्या कप्प्यात असेल तर ७ दाखवणारच, दार ही फ्रीजमधली सगळ्यात गरम जागा. आणि मोकळ्या हवेत ठेवला असेल तर आकडा नाचणारच, दार उघडलं की बाहेरची हवा आत, कॉम्प्रेसर सुरू झाला की गार झोत. आपल्याला हवेचं तापमान नकोच आहे, आत ठेवलेल्या वस्तूंचं हवंय.

एक ग्लास पाणी घ्या, त्यात थर्मामीटरचं टोक बुडवा, ग्लास मधल्या कप्प्यात मध्यभागी ठेवा, मागच्या भिंतीला चिकटवून नाही. रात्रभर राहू द्या आणि सकाळी कोणी दार उघडायच्या आत बघा. पाणी सावकाश गार होतं आणि सावकाश गरम होतं, म्हणून मधली सगळी नाचानाच त्यात जिरते. फ्रीजरमध्ये ग्लास चालणार नाही, तिथे दोन गोठलेल्या पाकिटांच्या मध्ये थर्मामीटर दाबून ठेवा.

थर्मामीटरवर संशय असेल तर एका भांड्यात भरपूर बर्फाचा चुरा आणि त्यात थोडंसंच पाणी घालून ढवळा आणि टोक त्यात धरा. बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत ते ० ला असतं. थर्मामीटरने १ दाखवलं तर तो १ ने पुढे आहे, नवीन घ्यायची गरज नाही, वजा करत राहायचं.

आणि डिस्प्लेबद्दल, बऱ्याच फ्रीजवर दिसतो तो आकडा तुम्ही सेट केलेला असतो, आत्ता आत किती आहे तो नव्हे. त्यामुळे आत ८ असलं तरी बाहेर शांतपणे ३ दिसत राहतं.

खटपट्या
माझ्याकडे ती लेझरवाली इन्फ्रारेड बंदूक आहे, तिने एका सेकंदात कळतं की, ग्लास कशाला रात्रभर.

कॉइलवाला
@खटपट्या, बंदूक वस्तूचा पृष्ठभाग मोजते, तोही चकचकीत असेल तर चुकीचा. स्टीलच्या डब्यावर मारली तर समोरच्या तुमचंच अंगाचं तापमान त्यात मिसळतं. गार हवा नेमकी कुठून येतेय, गॅस्केट (दाराचं रबर) कुठे गळतंय हे शोधायला मस्त आहे, ४ आहे का ६ हे ठरवायला नाही.

खटपट्या
मान्य. पण बंदुकीत मजा आहे.

सांजवेळ
आमचा जुना एका दाराचा आहे, वर छोटा फ्रीजरचा खण आणि त्याला वेगळं प्लास्टिकचं झाकण. एकच नॉब, मध्ये लाल बटण. त्याला हे झडपेचं प्रकरण लागू आहे का? आमचा प्रॉब्लेम असा की कितीही वाढवलं तरी आईस्क्रीम घट्ट होत नाही आणि खालचं मात्र गोठतं.

कॉइलवाला
@सांजवेळ, नाही, तुमच्यात झडप नाही, पंखाही नाही. तो वरचा खण हीच कॉइल आहे, त्याच्या भिंतीतच नळ्या आहेत आणि गार हवा जड म्हणून आपोआप खाली उतरते. नॉबची नळी त्या खणालाच क्लिपने लावलेली असते. म्हणून त्याच्या लगेच खालच्या कप्प्यात सगळ्यात जास्त गार आणि तळाच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये कमी.

आता आईस्क्रीम. खणाच्या झाकणावर चांदण्या छापल्यात का बघा, वीज बचतीचे स्टार नव्हेत, ते बाहेरच्या स्टिकरवर असतात, या वेगळ्या. एक चांदणी म्हणजे तो खण उणे ६ पर्यंत जातो, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८, आणि चार म्हणजे उणे १८ शिवाय ताजी वस्तू गोठवायचीही ताकद. एक-दोन चांदण्यांच्या खणात आईस्क्रीम दगड होणार नाही, नॉब पिळून पिळून तोडला तरी. तुम्ही वर उणे १८ च्या मागे लागता आणि त्या नादात खालचं गोठतं. अशा खणात बर्फ बनवा, गोठवलेलं अन्न दोन-चार दिवस ठेवा, महिनोन् महिने साठवू नका.

बर्फाचा थर किती जाड आहे? अर्ध्या सेंटीमीटरच्या वर गेला असेल तर आधी तो काढा, बर्फ थंडी अडवून धरतो. ते मधलं लाल बटण त्यासाठीच आहे, दाबलं की बर्फ वितळेपर्यंत कॉम्प्रेसर बंद राहतो आणि मग आपोआप सुरू होतो.

सांजवेळ
चांदणी एकच आहे! आजवर मला ती नक्षी वाटत होती. बर्फ चांगला दोन बोटं आहे, सुरीने काढला तर चालेल का? पटकन होतं.

कॉइलवाला
नाही नाही नाही. त्या पत्र्याच्या आतच गॅसच्या नळ्या आहेत, एक भोक पडलं की गॅस गेला, आणि त्या खणाची दुरुस्ती बहुतेक वेळा नव्या फ्रीजच्या चौकशीवर येऊन थांबते. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, तो पेट घेतो. म्हणून सुरी नाही, स्क्रू ड्रायव्हर नाही, हेअर ड्रायरही नको. प्लग काढा, दार उघडं टाका, खणात गरम पाण्याचं भांडं ठेवा, खाली जुनं फडकं. थर आपोआप सुटून अख्खी लादी हातात येते, तो आवाज ऐकायलाही बरा वाटतो.

धुकंदाट
माझा अनुभव सगळ्यांच्या उलट आहे म्हणून लिहितो. डबल डोअरच, पण फ्रीज ठेवलाय मागच्या खोलीत, तिथे हिवाळ्यात पारा १० च्या आसपास असतो. उन्हाळ्यात काही त्रास नाही, हिवाळ्यात फ्रीजरमधलं मऊ पडायला लागतं! बाहेर थंडी आणि आत वितळतंय. लोक सांगतात हिवाळ्यात नॉब कमी करायचा, मी कमी केला तर अजूनच मऊ.

चौकस बाई
तर्क लढवते. कॉइलवाले म्हणाले थर्मोस्टॅट खालचा भाग बघतो. खोलीच १० डिग्री असेल तर खालचा भाग गार राहायला फारसं काही करावं लागत नाही, म्हणून कॉम्प्रेसर फार वेळ बंद. आणि कॉम्प्रेसर बंद म्हणजे फ्रीजरही बंद, पण त्याला तर उणे १८ राहायचंय. बरोबर का?

कॉइलवाला
पैकीच्या पैकी. खालच्याचं भागतंय म्हणून वरचा उपाशी. धुकंदाट, तुमच्यासारख्या केसमध्येच ती झडप मॅक्सवर न्यायची असते. मॅक्स हा पर्याय दिलाय तो यासाठी. खाली हवा कमी गेली की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि फ्रीजर सावरतो. तरी नाही जमलं तर फ्रीज गरम खोलीत हलवणं हाच उपाय. आतल्या बाजूला एक स्टिकर असतो, त्यावर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो: एसएन म्हणजे १० ते ३२ डिग्रीच्या खोलीसाठी, एन १६ ते ३२, एसटी १६ ते ३८, टी १६ ते ४३. टीवाला फ्रीज १० डिग्रीच्या खोलीत ठेवला तर तो बिचारा काय करणार.

आणि "उन्हाळ्यात वाढवा, हिवाळ्यात कमी करा" हा जो मंत्र सगळे म्हणतात तोही डोळे मिटून म्हणू नका. पंखा नसलेल्या, मागच्या भिंतीत कॉइल असलेल्या फ्रीजमध्ये कडक उन्हाळ्यात नॉब शेवटाला नेला की कॉम्प्रेसर अखंड चालतो, मागच्या भिंतीवरचं दव वितळायला उसंतच मिळत नाही आणि तिथे बर्फाची चादर धरते. तिथे उलट एक आकडा कमी करावा लागतो, म्हणजे तो मध्ये थांबेल आणि भिंत मोकळी होईल. कॉम्प्रेसर मध्ये मध्ये बंद होतोय ना, एवढं कान देऊन ऐकलं तरी पुष्कळ.

उंटावरचा शहाणा
एवढी पीएचडी करण्यापेक्षा माझं ७ बरं. असो. पण प्रामाणिक प्रश्न, माझा ७ वर असून दूध टिकतं, भाजी टिकते, मग बिघडलं कुठे?

चौकस बाई
बिघडलं असं नाही. तुमच्या घरी खोली गरम असेल, दार सारखं उघडत असेल, तर ७ वर ४ डिग्रीच येत असेल. मुद्दा तोच आहे, आकडा तुमच्या फ्रीजचा आहे, दुसऱ्याच्या घरी तो लागू नाही. ग्लास ठेवून बघा एकदा. ४ आला तर ७ बरोबर, १ आला तर फुकटची वीज जाळताय.

बिनसाखर
अपडेट. पट्टी मिडवर करून एक दिवस गेला. ग्लासमधल्या पाण्यात ५.५, फ्रीजर उणे १९! खालच्या नॉबला हात लावलेला नाही. कॉम्प्रेसर आता मध्ये मध्ये थांबतोय, आधी तो थांबायचा की नाही हेच आठवत नाही इतकी त्या घरघरीची सवय झाली होती. आता ५.५ चे ४ करायला खालचा ५ वर नेऊ का झडप मिनवर?

कॉइलवाला
खालचा ५ वर. एका वेळी एकच नॉब, एकच पायरी, आणि मध्ये एक दिवस. झडप मिनवर नेलीत तर फ्रीजर उणे १५-१६ ला येऊन बसेल. दोन्ही एकदम फिरवलेत तर काय कशामुळे झालं ते मलाही सांगता येणार नाही.

गप्पिष्ट
उणे १५ ने काय बिघडतं? गोठलेलं ते गोठलेलंच ना.

चौकस बाई
लगेच आजारी पडायचा प्रश्न नाही, जंतू तिथेही वाढत नाहीत, (मरतही नाहीत म्हणा, नुसते झोपतात, वितळलं की परत उठतात). पण चव आणि पोत लवकर जातो. मासे आणि चरबी असलेल्या वस्तू खवट होतात, आईस्क्रीममध्ये ते किरकिरे स्फटिक येतात. महिनाभरात संपणार असेल तर चालवून घ्या, सहा महिने ठेवायचं असेल तर उणे १८ च.

मौनीबाबा
मागच्या भिंतीजवळचं गोठतं त्यावर काय? नॉब कमी केला तर दारातलं खराब होतं.

कॉइलवाला
नॉब राहू द्या, वस्तू हलवा. वरच्या कप्प्यात मागे जाळीसारख्या फटी असतात, तिथून झोत येतो. त्यांच्यासमोर चार बोटं जागा मोकळी सोडा. तिथे मोठा डबा टेकवला की दोन्ही बाजूंनी मार, तो डबा गोठतो आणि बाकीच्या फ्रीजला हवा पोचत नाही. दूध दारात ठेवू नका, दारात सॉस, लोणी, पाण्याच्या बाटल्या. दूध मधल्या किंवा खालच्या कप्प्यात आत. कच्चं मांस-मासे सगळ्यात खालच्या कप्प्यात डब्यात, म्हणजे गळलं तरी दुसऱ्या कशावर नको. आणि टोमॅटो, केळी यांना मुळात एवढी थंडी नकोच असते, केळं १३ च्या खाली काळं पडतं, तेव्हा त्यांच्यासाठी फ्रीजचं सेटिंग बदलू नका.

रात्रपाळी
फ्रीजर मिडवर केला, खाली दोन दिवस झाले तरी १० च. फ्रीजर मस्त उणे २०. झडप उघडी आहे, मागच्या फटींसमोर हात धरला तर वारा जवळजवळ लागतच नाही. आधी थोडा लागायचा.

कॉइलवाला
@रात्रपाळी, हे सेटिंगचं काम नाही. फ्रॉस्ट फ्रीमध्ये कॉइलवर बर्फ धरतोच, तो दर काही तासांनी एक हीटर वितळवतो आणि पाणी मागच्या ट्रेमध्ये जातं. तो हीटर, त्याचा सेन्सर किंवा टायमर गेला की कॉइल बर्फात गाडली जाते, डक्टचं तोंड बुजतं, वर गारच राहतं पण खाली वारा येत नाही. फ्रीजरच्या मागच्या पॅनेलवर आतून बर्फ फुगल्यासारखा दिसतो का बघा. एक खात्री करून घ्या: सामान दुसरीकडे हलवून, प्लग काढून, दोन्ही दारं उघडी टाकून पूर्ण दिवस ठेवा. परत सुरू केल्यावर खाली झकास गार झालं आणि आठवड्याभराने पुन्हा तेच, तर डीफ्रॉस्टच गेलाय, मेकॅनिक बोलवा. तोवर नॉब फिरवून उपयोग नाही. आणि पंखाच फिरत नसेल तर तो वेगळा विषय, फ्रीजरच्या दाराचा स्विच बोटाने दाबून धरा आणि कान लावून ऐका.

रात्रपाळी
पॅनेलवर उजव्या कोपऱ्यात पांढरा फुगवटा आहे, तळहाताएवढा. पंखा फिरतोय पण कशाला तरी घासल्यासारखा खर्रर्र आवाज.

कॉइलवाला
बर्फच पात्यांना लागतोय. आजच प्लग काढा, पातं तुटेल नाहीतर.

खटपट्या
गॅस्केटचं कोणीच बोललं नाही. दारात कागद धरून दार लावा आणि ओढा, सहज सुटला तर रबर ढिलं. चारही बाजूंनी करा, बिजागरीच्या बाजूला जास्त ढिलं असतं. आधी साबणाच्या पाण्याने पुसून बघा, अर्ध्या वेळा नुसता चिकटा असतो. बंदुकीने तर लगेच दिसतं कुठे गार झिरपतंय. (बघा, बंदूक कामाची आहे.)

सांजवेळ
गरम अन्न थेट फ्रीजमध्ये ठेवावं की नाही, यावर पण आमच्याकडे दोन पक्ष आहेत.

चौकस बाई
वाफाळतं मोठं पातेलं नको, आजूबाजूचं सगळं तापतं. पण पूर्ण गार व्हायची वाट बघत रात्रभर ओट्यावरही नको, दोन तासांच्या आत आत गेलंच पाहिजे. पसरट, उथळ डब्यांत काढा, झपकन निवतं.

ढगाळ
ग्लासचा प्रयोग केला, पाण्यात ४. डिस्प्ले ३. म्हणजे एकाचाच फरक, थर्मामीटरची माफी मागितली. पण नवीनच त्रास, सकाळपासून डिस्प्लेवर सगळे दिवे छान लागतायत, बटणं चालतायत, आणि आत काहीच गार होत नाहीये. मुलाने रात्री बटणांशी खेळ केलाय असा संशय आहे.

कॉइलवाला
कॉम्प्रेसरचा आवाज अजिबात नाही आणि आतला दिवा लागतो? मग डेमो मोड लागला असेल. दुकानात मांडून ठेवायला असतो तो, दिवे सगळे लागतात, थंडी शून्य. दोन बटणं एकत्र काही सेकंद दाबून ठेवली की सुरू होतो आणि तसाच बंद होतो, कुठली दोन ते मॅन्युअलमध्ये बघा, प्रत्येक मॉडेलचं वेगळं. त्या फ्रीजना चाइल्ड लॉकही असतो, तो लावून टाका. सकाळपासून म्हणताय तर किती तास झाले? दार बंदच ठेवलं असेल तर खालचं साधारण चार तास टिकतं, भरलेला फ्रीजर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस.

ढगाळ
सुटला! पॉवर फ्रीझ आणि त्याच्या शेजारचं बटण एकत्र. घरघर सुरू झाली. पाचेक तास झाले असतील, दूध टाकून देतो आणि मांस पण, फ्रीजरमधलं अजून दगड आहे. आता ते पॉवर फ्रीझ पण चालू दिसतंय, राहू देऊ का रात्रभर?

कॉइलवाला
राहू दे, वरचं परत खाली खेचायला बरंच आहे. बहुतेक मॉडेलमध्ये ते काही तासांनी आपणहून बंद होतं. उद्या सकाळी दिवा लागलेलाच दिसला तर हाताने बंद कर.